दिवा खालून धरला तर

नाशिक रोड
२३ जुलै २०२४

चि. उत्तरास अनेक आशीर्वाद.

तुझं खोकं काल पोचलं. पोस्टमनने ते कानाशी धरून हलवलं आणि "औषध हाय का?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, असलं तरी माझ्यासाठी नाही. आत बारा नळ्या, प्रत्येकीत बोटभर द्रव, एक बारीक जाळी आणि चार पानी सूचना. बेंगळुरूला जाऊन तू बाकी काय शिकलीस ते मला कळत नाही, पण आज्ञार्थ फार सफाईने वापरायला लागली आहेस.

फोनवर सांगितलं असतंस तर आठवडा वाचला असता हे मला मान्य आहे. पण तू सातवीत असताना आपला करार झालाय की महत्त्वाचं ते कागदावर. शिवाय फोनवर तू "हो मामा" म्हणतेस तेव्हा मागे टाइप केल्याचा आवाज येतो.

आता मला काय समजलं ते सांगतो, चुकलं तर कान धर. किडा अळीपणातून बाहेर कधी यायचं ते ठरवणारं एक संप्रेरक असतं. ते अंगात आहे तोवर अळी अळीच राहते. तुझ्या आईने तुझ्या बाबतीत हेच काम बिनसंप्रेरकाचं तीस वर्षं केलं. हे संप्रेरक तयार करणारे विकर म्हणजे पंगतीतले आचारी. एकाने दूध तापवायचं, दुसऱ्याने विरजायचं, तिसऱ्याने चक्का टांगायचा. खेकडे, झिंगे वगैरे कवचवाली मंडळी चक्क्यापर्यंत येऊन थांबतात आणि त्यावर सुखाने जगतात. कीटकांकडे एक आचारी जास्त आहे, तो त्याचं श्रीखंड करतो. हा शेवटचा आचारी कुठून आला, हा तुझा प्रश्न. आणि कीटकांचे जवळचे चुलते म्हणून तुला आमच्या त्र्यंबकच्या वाटेवरच्या कातळातले, पावसाळी डबक्यात उलटे पोहणारे झिंगे हवेत.

चोपन्न वर्षांचा संस्कृतचा मास्तर जाळी घेऊन डबक्यात वाकलेला पाहून विद्यार्थी काय म्हणतील याचा विचार मी केलेला नाही. तुझ्या मामीने केला आहे.

तुझा
माधवमामा

*

बेंगळुरू
२९ जुलै २०२४

ती. मामास सा. नमस्कार.

श्रीखंड बरोबर आहे. मी ते माझ्या व्याख्यानात वापरणार आहे, तक्रार असेल तर आत्ताच कर. फक्त एक भर घालते. विकर आकाशातून पडत नाहीत. जुन्या विकराच्या जनुकाची नक्कल होते, मूळ आपलं काम करत राहतं आणि मोकळी नक्कल कधीतरी दुसरं काम शिकते. या शेवटच्या आचाऱ्याचे भाऊबंद आजही पानांमधली विषं निपटण्याचं काम करतात. त्यातला एक कधीतरी श्रीखंडाकडे वळला. कीटक झाल्यावर वळला, की त्याआधीच वळला होता, ते कोणालाच नक्की माहीत नाही.

आता थट्टा बाजूला. माझी इथली नेमणूक मार्चमध्ये संपतेय. डिसेंबरमध्ये कायमच्या जागेसाठी समिती बसेल. दाखवायला माझ्याकडे तुझ्या या बारा नळ्या असतील, दुसरं फारसं काही नाही. म्हणून पान तीनवरची सूचना पुन्हा लिहिते: पकडल्या क्षणी जिवंत प्राणी नळीत. घरी नेऊन नाही, जेवण झाल्यावर नाही. पेशी कामापुरत्या काढतात त्या जनुकांच्या नकला प्राणी मेल्यावर विरतात आणि जिवंत ठेवला तर बदलतात. मी अख्खा प्राणी वाटून तपासते, म्हणजे त्याच्या पोटातलंसुद्धा सगळं येतं. त्यामुळे डबक्यातला तो डबक्यातलाच हवा.

तुला मारायला जड जाईल हे मला माहीत आहे. नसेल जमत तर सांग, मी दुसरं कोणी बघते. राग येणार नाही.

उत्तरा

*

नाशिक रोड
८ ऑगस्ट २०२४

चि. उत्तरास आशीर्वाद.

नळ्या या पत्रासोबत निघाल्या आहेत. बारा पाठवल्यास, बारा भरल्या. शनिवार, तीन ऑगस्ट, सकाळी दहा चाळीस, सहादूच्या शेतालगतचा कातळ. चिठ्ठ्या प्रत्येकीवर लावल्या आहेत, अक्षर वाचता येईल.

सहादू म्हणजे माझ्या मोटरसायकलची चेन दोनदा बसवून देणारा सद्गृहस्थ. त्याने डबकं दाखवलं आणि मी जाळी घातली तर म्हणाला, "मास्तर, चिमटीत धरू नका, लय नाजूक हाय ते. पाण्यासकट उचला." मी विचारलं, याला तुमच्यात काय म्हणतात? तर म्हणाला, "काय म्हणायचं? महिनाभराचे पाहुणे. नाव ठेवीपर्यंत जातात." मी त्यांचं नाव शीर्षासनी ठेवलंय. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, काचेसारखं अंग, पोट वर करून अकरा जोड्या पाय वल्ह्यासारखे हलवत चाललाय. तुझ्या सूचनांमध्ये हे सौंदर्य नमूद नव्हतं.

एक गंमत मात्र तुझ्या चार पानांत नाही. ते पोट उजेडाकडे करतात, म्हणून उलटे. संध्याकाळी दिवा भांड्याच्या खालून धरला तर सगळे एकदम गिरकी घेऊन सुलटे होतात. म्हणजे उलटं-सुलटं असं त्यांचं काही नाही, उजेड कुठे आहे एवढंच. मी यावर वर्गात पंधरा मिनिटं बोललो. पोरांनी वहीत लिहून घेतलं, परीक्षेला येईल या भीतीने.

पोचल्याचं कळव.

माधवमामा

*

बेंगळुरू
१७ ऑक्टोबर २०२४

मामा,

सरळ सांगते, कारण मला वळणाने सांगता येणार नाही. सापडला. शेवटचा आचारी तुझ्या शीर्षासनींत सापडला.

बारापैकी नऊ नळ्यांत त्याचं जनुक आहे. मी तीनदा केलं. त्याची अक्षरं, म्हणजे जनुकातल्या घटकांचा क्रम, जगातल्या कुठल्याही नोंदवलेल्या प्राण्याशी जुळत नाहीत, म्हणजे माझ्या हातून इथलं काही मिसळलं असं नाही. आणि वंशवृक्षावर ते कुठे बसतं माहितीय? सगळ्या कीटकांच्या बुंध्याशी. पंखवाले कीटक वेगळे होण्याच्याही खाली. एखाद्या झिंग्याकडे हे जनुक असतं तर त्याने जिथे बसावं असं मी तीन वर्षं म्हणतेय, साधारण तिथेच. याचा अर्थ श्रीखंड कीटकांनी शोधलं नाही, ते वारशाने आलं.

तीन नळ्यांत का नाही ते कळत नाही. माद्या असतील, वय कमी असेल. आमच्या सरांना तेवढंच खटकतंय. पण डबकी आता कोरडी, पुढच्या पावसापर्यंत दुसरा पुरावा मिळणार नाही. म्हणून समिती तुझ्या नोंदीवर विसंबणार. नऊ डिसेंबरला माझं व्याख्यान आहे. सोबत एक फॉर्म पाठवलाय. जागा, वेळ, पकडल्यापासून नळीत घालेपर्यंतची मिनिटं, आणि खाली सही. वीस नोव्हेंबरच्या आत हवा.

लेखात तुझं नाव घालणार आहे. आभारात नाही, लेखकांत. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला साधी पाल मारता येत नाही, त्याने विज्ञान केलं?"

उत्तरा

*

नाशिक रोड
२६ ऑक्टोबर २०२४

चि. उत्तरास आशीर्वाद.

पत्र वाचलं, दोनदा. तुझी मामी विचारत होती की उत्तराचं लग्न ठरलं का, कारण माझा चेहरा तसा झाला होता.

माझं नाव लेखकांत नको. हे विनयाने म्हणत नाही. मी एका डबक्यात वाकलो, त्याला लेखन म्हणत नाहीत.

मला काही शंका आहेत. अज्ञानी माणसाच्या समजून उत्तर दे. समजा एखाद्या शीर्षासनीने काही खाल्लं. तू अख्खा प्राणी वाटतेस म्हणालीस. मग त्याने खाल्लेल्याचा आचारी त्याच्या नावावर नाही का चढणार? आणि दुसरं, ते तीन रिकामे. समज, ते जेवलेच नसतील. असं शक्य आहे का? तू सगळं तपासलं असशीलच. सहज आपलं विचारतोय.

फॉर्म मिळाला. दिवाळीची साफसफाई चालू आहे, कागद इकडचे तिकडे झालेत. सापडला की भरतो.

माधवमामा

*

बेंगळुरू
४ नोव्हेंबर २०२४

मामा,

दिवाळीच्या शुभेच्छा. तुझ्या शंका वाचून सर म्हणाले, हा माणूस समितीवर हवा होता. मी त्यांना सांगितलं, हा माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या अर्थात चुका काढत आलाय, आता कौतुक झालं म्हणून बिचकलाय. खरंय ना? तू पंचवटीतल्या घराण्याचा, दक्षिणा घेताना हात मागे घ्यायची सवय.

तरी उत्तर देते. पोटातलं काही आलं असेल ही शंका मला पहिल्या दिवशी आली. पण डबक्यात कोणते कीटक असतात? डासांची पिल्लं, पाणकिडे, चतुरांची पिल्लं. सगळे पंखवाल्यांच्या कुळातले. त्यांचं जनुक असतं तर ते झाडाच्या वरच्या फांद्यांत बसलं असतं. हे त्याच्या खाली आहे. पंख फुटण्याआधीच्या काळातले जे थोडे कीटक अजून उरलेत, ते पाण्यात राहत नाहीत. दगडाखाली, पालापाचोळ्यात, घरात जुन्या कागदांत. त्या कातळावरच्या डबक्यात ते जाणार कसे? आणि ते न जेवलेले तीन! डबक्यात बसून उपास कोण करतं?

म्हणून मी निर्धास्त आहे. फक्त फॉर्म पाठव. वीस तारीख. मामा, या एका कागदावर माझी पुढची तीस वर्षं आहेत.

उत्तरा

*

नाशिक रोड
१० नोव्हेंबर २०२४

चि. उत्तरा,

"घरात जुन्या कागदांत" या शब्दांपाशी मी थांबलो. गुरुवारी तुला फोन केला होता तो हेच सांगायला. तू इतक्या आनंदाने बोललीस की मी इथल्या थंडीची माहिती देऊन ठेवला.

आता लिहितो. तीन ऑगस्टला दहा चाळीसला पकडले, ते खरं आहे. नळीचं झाकणही उघडलं. एक शीर्षासनी चमच्यात होता, आपल्या पायांनी माझा चमचा वल्हवत होता. मी झाकण लावलं. सहादू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, घरी जाऊन करा." मी ते ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. डबक्याच्या पाण्यासकट बारा जणांना बरणीत घालून घरी आणलं आणि काचेच्या वाडग्यात ठेवलं. आज नाही तर उद्या करू, असं तीन दिवस केलं.

आमच्या घरातला रिवाज तुला ठाऊक आहे. दारात आलेल्या जिवाला काही घातल्याशिवाय आपण पानावर बसायचं नाही. काकबळी झाला, गोग्रास झाला, मांजराचं झालं. आणि वाडग्यात बारा पाहुणे उपाशी. तुझ्या कागदात लिहिलं होतं की ते पाण्यातलं बारीक, मेलेलं, सडकं गाळून खातात. चातुर्मासातलं वाचन चालू होतं, त्यामुळे पोथ्यांचं कपाट उघडंच होतं. पोथ्या झटकल्या की तळाशी काय पडतं ते तू लहानपणी पाहिलंयस. ती चंदेरी, बिनपंखाची कसर. मेलेली, अर्धमेली, तिच्या काती, कागदाचा भुसा. मी ते सगळं खलात घालून वस्त्रगाळ केलं आणि रोज जेवणाआधी चिमूटभर पाण्यात सोडलं. मला वाटलं, माझ्या पोथ्या खाणाऱ्यांना कोणीतरी खातंय, यात न्याय आहे. नऊ जण चांगले जेवले. तिघे कोपऱ्यात नुसते बसून होते. मी त्यांची काळजी करत होतो.

मंगळवारी दुपारी डोळे मिटून बाराही नळ्या भरल्या. चिठ्ठ्यांवर शनिवारची वेळ घातली. तुला बरं वाटावं म्हणून. खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलं नाही, तीन दिवसांनी असं काय बिघडतंय असं वाटलं. तुझं ऑक्टोबरचं पत्र आल्यापासून मात्र तसं वाटत नाही.

फॉर्म हरवला नव्हता. तो माझ्या टेबलावरच होता. तुझी मामी पंचवीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासतेय. एक रेघ सरकलेली दिसली की नोट बाजूला. तिने फॉर्म पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "करा की सही. अक्षर छान आहे तुमचं." त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलतेय.

फॉर्म खरा भरून सोबत ठेवला आहे. मिनिटांच्या रकान्यात चार हजारांच्या वरचा आकडा आलाय. दुसऱ्या पुडीत कपाटातली कसर आहे, ताजी. तिची अक्षरं तुझ्या अक्षरांशी जुळवून पाहा. जुळू नयेत असं मला फार वाटतं. जुळतील.

तू जुलैमध्येच विचारलं होतंस, जमत नसेल तर सांग, राग येणार नाही. तेव्हा एक ओळ लिहायची होती.

माधवमामा

*

नाशिक रोड
१ डिसेंबर २०२४

चि. उत्तरास,

स्पीड पोस्टाच्या पावतीवरून शोध घेतला. पाकीट चौदा तारखेला तुझ्या हातात पोचलंय. त्याला सतरा दिवस झाले.

मी उत्तर मागत नाही. नऊ तारखेला तू तिथे उभी राहून काय सांगणार आहेस, एवढंच माझ्या मनात राहतं. गेल्या रविवारी तुझ्या आईचा फोन आला होता. ती म्हणाली, "पोरगी जेवत नाही, तू काही लिहिलंस का?" मी म्हटलं, हो. पुढे तिने विचारलं नाही. तिलाही माझी थट्टा करायचं सुचलं नाही, तेव्हा मला कळलं प्रकरण कुठवर गेलंय.

कोणाला काही सांगायचं असेल, माझं नाव घालून सांगायचं असेल, तर सांग. लेखकांत नको म्हटलं होतं. इथे चालेल.

माधवमामा

*

बेंगळुरू
११ डिसेंबर २०२४

मामा,

अक्षर न् अक्षर जुळलं. नऊच्या नऊ नळ्यांत तुझ्या कपाटातली कसर होती.

आता मी जे सांगणार आहे ते तुला माहीत नाही. बारा नोव्हेंबरला मी व्याख्यानाच्या सुरुवातीला प्राण्याचं वर्णन हवं म्हणून तुझं ऑगस्टचं पत्र काढलं. "संध्याकाळी दिवा भांड्याच्या खालून धरला तर." सकाळी दहा चाळीसला नळीत गेलेल्या प्राण्याला संध्याकाळचा दिवा कोणी दाखवला? कातळातल्या डबक्याला खालून दिवा धरता येतो का? तीन महिने ते वाक्य माझ्याकडे होतं. मला ते वाचायचं नव्हतं, म्हणून दिसलं नाही.

दोन दिवसांनी तुझं पाकीट आलं. हाताला आत फॉर्म लागत होता. मी ते दोन दिवस उघडलं नाही. आत दहा चाळीस आणि तुझी सही असती तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. कदाचित व्याख्यान दिलं असतं. ते मला तुझ्यापेक्षा जास्त छळतंय.

नऊ तारखेला मी सगळं सांगितलं. डबकं, वाडगा, काकबळी, कसर, आणि माझं न वाचलेलं वाक्य. तुझं नाव घेतलं नाही, "माझा मामा" म्हटलं. एकजण हसले. दुसऱ्यांनी विचारलं, "मग तुमच्या हातात उरलं काय?" मी म्हटलं, तीन उपाशी झिंगे. ते तेवढे खरे आहेत आणि त्यांच्यात ते जनुक नाही. पण तिघांवरून मी नाही म्हणणार नाही आणि नऊंवरून आहे म्हणणार नाही.

कायमची जागा दिली नाही. एक वर्ष वाढवलंय, नव्या नमुन्यांच्या अटीवर. जे यायचं ते येईल, आहे किंवा नाही, पण नोंद स्वच्छ हवी.

मी रागावलेली आहे. जुलैत राग येणार नाही असं लिहिलं होतं, ते वेगळ्या गोष्टीबद्दल होतं.

पाऊस लागला की खोकं येईल. सहादूचा नंबर माझ्याकडे आहे, त्याला पाठवता आलं असतं. तुला पाठवतेय.

उत्तरा

*

नाशिक रोड
२० जुलै २०२५

चि. उत्तरास आशीर्वाद.

बारा नळ्या आणि फॉर्म सोबत आहे. काल, शनिवारी, तोच कातळ. सहादू घड्याळ धरून उभा होता. मीच त्याला तसं सांगितलं होतं, आणि त्याचीही सही फॉर्मवर घेतली आहे. तो म्हणाला, "मास्तर, तुमच्यावर इस्वास नाय का कोणाचा?" मी म्हटलं, आहे, म्हणूनच तुम्ही लागता.

पहिला शीर्षासनी दहा वाजून बारा मिनिटांनी उचलला, दहा बाराला नळीत. शेवटचा दहा एकतीसला. एकही मिनिट कुठे गेलेलं नाही. डोळे उघडे ठेवले होते. ते नळीत गेल्यावर अर्धा क्षण पाय हलवतात आणि मग थांबतात. हे तुझ्या सूचनांमध्ये नाही. घालू नकोस.

जाळी नवी होती, चमचा नवा होता, कपाटाला कुलूप आणि किल्ली मामीकडे. तिने फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, उजेडात धरून पाहिला आणि पाकिटात घालून स्वतः चिकटवला.

"प्राण्यास दिलेले अन्न" या रकान्यात मी "काही नाही" असं लिहिलं आहे. ते खरं आहे. त्याखाली आणखी रकाना नव्हता, म्हणून उरलेलं इथे लिहितो. घरी आल्यावर मामीने पान वाढलं होतं. मी बसलो आणि उठलो. काल मी जेवलो नाही. काल उपास नव्हता.

माधवमामा